अर्धा फेरा मागे

माझे वडील गुजरातेत, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात फिटर होते. संध्याकाळी घरी आले की आधी मोरीत जात. तिथल्या कोनाड्यात त्यांच्या साबणाची वेगळी डबी असे, कपड्यांच्या पिवळ्या साबणाची. ग्रीस त्यानेच निघतं म्हणत. त्या डबीला आईनेही कधी हात लावला नाही. आणि टीव्हीवर एखादा इस्त्रीतला माणूस कामाबद्दल बोलू लागला की जेवता जेवता त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "हाताला काळं लागत नाही, ते काम कसलं?"

अशा माणसाच्या मुलीने कारेलीबागेतली चांगली चाललेली विज्ञानाची शिकवणी बंद केली आणि पंप बनवणाऱ्या कंपनीत माहितीपुस्तिका लिहायची नोकरी धरली. पंप कसा बसवायचा, कसा चालू करायचा, अडला तर काय बघायचं, हे चालवणाऱ्याला कळेल असं लिहायचं. हुद्दा टेक्निकल रायटर. वडिलांनी तो दोनदा विचारून घेतला आणि म्हणाले, "म्हणजे पंप दुसरे बनवणार आणि तू त्याचं वर्णन लिहिणार. सरस!"

राग तर माझ्या नाकावरच असतो. त्या दिवशी मी ठरवलं की हे काम आहे, असं या माणसाच्या तोंडून वदवून घेईन.

पहिली पुस्तिका लिहायला मला सहा महिने लागले. एका वाक्यात एकच कृती सांगायची, धोक्याची सूचना कृतीच्या आधी द्यायची, नंतर नाही, असं बरंच काही मी पडत-धडपडत शिकले. इंग्रजी झाल्यावर गुजरातीही मीच लिहिली. शाळा गुजराती माध्यमाची, त्यामुळे त्या बाबतीत मला जरा जास्तच खात्री होती. गुळगुळीत कागदावर छापून आलेली प्रत घेऊन मी पादरा गावाजवळच्या एका कारखान्यात गेले. तिथे आमचा नवा पंप बसला होता. तो चालवणाऱ्या ऑपरेटरकाकांच्या हाती मी पुस्तिका दिली आणि बजावलं की यात लिहिलंय तेवढंच करा, मनाचं काही करू नका.

काकांनी हात धुऊन पुस्तिका घेतली. पंप चालू करण्याआधी 'वाल्व खोलो', हे वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं. मग पुस्तिका बाजूला ठेवली, पाना आणला आणि व्हॉल्व्हचे बोल्ट सोडवायला बसले.

"काका, आ शुं करो छो?" मी ओरडलेच.

"बेन, तमे ज लख्युं छे, वाल्व खोलो. एटले खोलुं छुं."

पंप बंद होता, पाइप रिकामे होते, म्हणून फक्त माझी अब्रू गेली. पाइपात गरम रसायन असतं तर काय झालं असतं, याच विचारात मी बसने परतले.

ऑफिसात 'खोलो' म्हणजे ओपन. कारखान्यात खोलणं म्हणजे यंत्राचे भाग सुटे करणं. आणि हे मला माहीत नव्हतं असं थोडंच होतं! आमच्या घरात दार उघडतात आणि मिक्सर खोलतात. "पंखा खोललाय, इकडे फिरकू नका," हे ऐकत मी लहानाची मोठी झाले. पण लिहिताना डोक्यात इंग्रजी होतं आणि घरचा शब्द घरीच राहिला.

रात्री जेवताना मी नाइलाजाने सगळं सांगितलं. वडील हसतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "त्याची काय चूक?" मग मी वहीत नवं वाक्य लिहून वाचून दाखवलं, "व्हॉल्व्हचं चाक थांबेपर्यंत डावीकडे फिरवा."

वडिलांनी घास खाली ठेवला. दोन्ही हातांनी हवेत चाक धरलं आणि डावीकडे फिरवू लागले. हात फिरत गेले, थांबले, आणि मग थोडे उजवीकडे आले.

"बाबा, हे शेवटचं काय केलंत? हे मी लिहिलेलं नाही."

"अर्धा फेरा मागे घेतला. एवढं तर करावंच लागतं ने! नाहीतर चाक जाम होतं."

"हे कुठे लिहिलंय?"

"त्यात लिहायचं काय? हाताला माहीत असतं."

मी ते वाक्य लिहिलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी वाचत असे आणि वडील ताटासमोर बसून न दिसणारा पंप चालवत असत. आई वैतागून म्हणे, "आधी तुमचा पंप बंद करा, भाजी गार होतेय." अख्खी पुस्तिका मी अशी पुन्हा लिहिली. हे काम आहे, असं मात्र वडील काही म्हणाले नाहीत.

आज माझ्या हाताखाली चारजणी लिहितात. करणाऱ्याचे हात पाहिल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही, हा आमच्या टेबलाचा नियम आहे आणि तो मी केला, याचा मला अभिमान आहे. खोटा विनय मला जमत नाही.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा पादऱ्याला जाणं झालं. माझी पहिली गुळगुळीत प्रत मॅनेजरच्या काचेच्या कपाटात पोथीसारखी बसली होती. दुसरी मात्र पंपाशेजारी खिळ्याला सुतळीने टांगलेली होती. तिचं कव्हर गेलं होतं, कोपरे तेल पिऊन फुगले होते, आणि व्हॉल्व्हचं पान तर अंगठ्यांनी काळं झालं होतं. मी हात पुढे केला तसे तेच काका म्हणाले, "रहेवा दो बेन, हाथ बगडशे."

हात खराब होऊ देत म्हणत मी ती दोन्ही हातांनी घेतली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली.

घरी आले ती थेट मोरीत गेले. चंदनाच्या साबणाने काही ते काळं हटेना. वडील दारात येऊन उभे राहिले.

"कशाचं लागलं?"

"पुस्तिकेचं. पादऱ्याच्या."

ते माझ्या हातांकडे बघत राहिले. मग कोनाड्यातली आपली डबी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली.

"त्याने नाही जायचं," म्हणाले. "हा घे."