परबबाईंचा अंगठा

हळदीकुंकवाला परबबाई आल्या की आमच्या सोसायटीतल्या बायका आधीच डोळे मिटून घ्यायच्या. बाई उजव्या हाताने कुंकू लावायच्या आणि डाव्या अंगठ्याने समोरचीची खालची पापणी ओढून बघायच्या. आत फिकट दिसलं की सगळ्यांदेखत निकाल! "रक्त नाय गो तुझ्यात! उद्या सकाळी लॅबमध्ये ये." सोसायटीच्या चेअरमनच्या बायकोलासुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं. ती पुढे वर्षभर बोलत नव्हती, पण रक्त तपासायला मात्र गुपचूप आली.

बाई बोरिवली स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मुख्य तंत्रज्ञ होत्या. ८४ साली मी डिप्लोमा करून त्यांच्या हाताखाली लागले. मालवणकडच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. मायक्रोस्कोपखाली मलेरियाचा जंतू सापडला की लॉटरी लागल्यासारख्या ओरडायच्या, "हयसर ये गो! बघ तरी कसो बसलोहा!" बाहेर बाकावर बसलेला पेशंट दचकून उभा राहायचा. वीस वर्षं तेच काम करून एखाद्या माणसाला एवढा आनंद होतो, याचंच मला नवल वाटायचं.

एका गोष्टीवर मात्र त्या भयंकर चिडायच्या. मी एखाद्या कागदाकडे बघून "ॲनिमिया आहे" म्हटलं, की लगेच, "ॲनिमिया हा निकाल नाय गो, तो प्रश्न! कशामुळे, ते सांग." दिवसातून चारदा तरी हे ऐकायचे. मी मान डोलवायची आणि विसरून जायची.

त्याच सुमारास माझी धाकटी बहीण नंदा, बारा वर्षांची, कोमेजल्यासारखी दिसायला लागली. जिना चढली की धापा टाकायची, मधूनच ताप. आमचे डॉक्टर म्हणाले, वयात येणारी मुलगी आहे, हिमोग्लोबिन करून घ्या. मीच लॅबमध्ये केलं. बारा हवं, ते आठ निघालं. मी ऐटीत घरी जाहीर केलं, "काही नाही, ॲनिमिया आहे." मग काय, लोहाचं टॉनिक, बीट, गूळ-शेंगदाणे! आईने तिला बिटाचा एवढा कीस खाऊ घातला की पोरीने बिटाचा धसकाच घेतला. महिन्याने पुन्हा केलं तर सहा. मला वाटलं, टॉनिक बदलायला हवं. काचेवर रक्त पसरून पेशी बघायची, ती स्लाईड काही मी केली नाही. घरचीच तर आहे, असं मनात होतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. बाई आल्या, आईला कुंकू लावलं, तिची पापणी बघितली, "झकास!" म्हणाल्या. मग नंदाकडे वळल्या. पापणी खाली ओढली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी तिची बाही वर सरकवली. दंडावर दोन-तीन निळे डाग होते.

"हे काय?"

"लंगडी खेळताना लागलं असेल," नंदा म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "स्लाईड केलीस हिची?"

"हिमोग्लोबिन केलंय ना बाई. ॲनिमिया आहे."

"तो माझ्या अंगठ्यालापण कळला! कशामुळे?"

बाईंनी वाणाची वाटी पर्समध्ये कोंबली, नंदाचा हात धरला आणि जरीच्या साडीत तशाच तरातरा लॅबकडे निघाल्या. मी मागून धावत होते. कुलूप उघडलं, बोट टोचलं, काचेवर रक्त पसरलं, रंग टाकला. ती पाच-दहा मिनिटं मला आजही जशीच्या तशी आठवतात. बाईंनी डोळा लावला. मी "हयसर ये गो" ची वाट बघत होते. त्या ओरडल्या नाहीत. नुसत्या बाजूला सरकल्या.

तांबड्या पेशी विरळ होत्या. आणि जिकडे बघावं तिकडे मोठ्या, एकसारख्या, कोवळ्या पांढऱ्या पेशी.

"रक्ताचा कॅन्सर," बाई हळूच म्हणाल्या. नंदा बाहेर बाकावर तिळगूळ चघळत होती. "रक्त हाडांच्या आत तयार होतं ना? समज, ते स्वयंपाकघर. तिथे या फुकट्यांचं वऱ्हाड घुसलंय. भाकरी थापायला जागाच नाय, मग तू बाहेरून कितीही पीठ पाठव!"

मी रडायला लागले. महिनाभर मी पीठच पाठवत होते.

"चुकलीस," बाई म्हणाल्या. "पण रडायला उद्या ये. आता स्लाईड गुंडाळ. डॉक्टरांकडे जाऊया."

दुसऱ्याच दिवशी नंदा परळला हॉस्पिटलात दाखल झाली. तिचे केस गेले, वजन गेलं, रक्ताच्या बाटल्या चढल्या. बाई दर रविवारी बांगड्याचं तिखलं घेऊन हजर. दीड महिन्याने तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हाडांतली मज्जा साफ आहे. बाईंचा विश्वास बसेना. "माका बघूक होया!" नंदा घरी आल्याबरोबर त्यांनी तिला लॅबमध्ये नेऊन तिचं बोट टोचलं. शंभर पांढऱ्या पेशी मोजायचा रिवाज, बाईंनी दोनशे मोजल्या. मी शेजारी श्वास रोखून उभी. "एकही फुकटा नाय! अगो, एकही नाय! आणि तांबड्या बघ कशा!" त्या स्टुलावरून उठून नाचल्या. हिमोग्लोबिन दहा झालं होतं, आणि तेही टॉनिकशिवाय!

औषधं तीन वर्षं चालली. ती थांबल्यावरच्या संक्रांतीला आईने पुन्हा हळदीकुंकू केलं. बाई तेव्हा निवृत्त होऊन गावी निघाल्या होत्या, आमच्याकडचं ते त्यांचं शेवटचंच. नंदा पुढे आली. या वेळी तिने स्वतःच पापणी खाली ओढून दाखवली.

बाईंनी वाकून बघितलं. मग आमचं घर दणाणून गेलं. "हयसर या गो सगळ्या! बघा तरी, जास्वंद फुललीहा!"

आणि खरंच, आयुष्यभर बाईंना बघून डोळे मिटणाऱ्या त्या बायका, चेअरमनची बायकोसुद्धा, माझ्या बहिणीची पापणी बघायला रांगेत उभ्या राहिल्या. आई हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. या गडबडीत नंदाला कुंकू लावायचं बाई साफ विसरल्या.