पडवीतल्या बंदुका

डोंगरमाथ्यावरच्या वनचौकीत दादा तीस हिवाळे बंदुका सांभाळत होते. काडतुसं कोरड्या फडक्याने पुसून डब्यात ठेवायची आणि बंदुका देवाचं नाव घेऊन पडवीतल्या गारठ्यातच उभ्या करायच्या, हा त्यांचा नेम.

नव्या साहेबांना दया आली. "अहो दादा, आत शेगडीजवळ ठेवा की!"

"उबेत आणलं की गार लोखंडाला घाम फुटतो, साहेब. बाहेर नेलं की तोच गोठतो."

साहेब हसले आणि आपली बंदूक आत घेऊन गेले.

सकाळी गस्तीला निघून घटकाभर झाली, तोच एक अस्वल साहेबांच्या अंगावर धावून आलं. त्यांच्या बंदुकीचा चाप हलेना. दादांनी हवेत बार काढला, तशी अस्वलाने धूम ठोकली.

"आजपासून माझीही बाहेरच!" साहेब कसेबसे म्हणाले.

"बंदूकच ना, साहेब? तुम्ही मात्र आतच झोपा."