तूरडाळ व सासूबाई

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं खूप हसलात, कारण आजी सीडी डाळीच्या डब्यात ठेवते असं तुमच्या बाबानं सांगितलं. ते खरं आहे. डब्यावर मी तशी चिठ्ठीही लावली आहे: 'तूरडाळ व सासूबाई'. पण असं का, ते त्याला धड सांगता आलं नाही. त्यात त्याची स्वतःची चूक असल्यामुळे तो ते पुढेही सांगणार नाही. माझीही आहे, पण मी सांगते.

तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, टेंभुर्णीला राहायच्या. तुमचा बाबा सातवीत असताना आमच्याकडे टेपरेकॉर्डर आला आणि तो घेऊन आम्ही जालन्याहून गावी गेलो. आजोबांनी तो त्यांच्यापुढे ठेवून बटण दाबलं.

"माय, काही तरी बोल."

"काय बोलू? हे काय लावून राह्यलास माझ्या तोंडाफुडं?"

एवढं बोलून त्या गहू निवडायला लागल्या. मग यंत्र चालू आहे हे विसरल्या आणि माझ्याबद्दल बोलायला लागल्या. "इंग्रजी शिकवती म्हनं शाळेत. वरनात मीठ किती टाकावं, ते कोनी शिकवलंच न्हाई तिला." मी भिंतीपलीकडे वरणच ढवळत होते.

त्या गेल्यावर त्यांचा आवाज म्हणून एवढी एकच कॅसेट उरली. आजोबा ती वर्षातून एकदा, मी बाजारात गेले की ऐकायचे. मला कळायचं, कारण ते ती पुन्हा मागे फिरवून ठेवायला विसरत.

दोन हजार आठ-नऊच्या सुमारास तुमच्या बाबानं अमेरिकेहून एक काळा डबा आणला. इंटरनेटच्या राउटरला तो जोडला की घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून त्यातलं सगळं बघता यायचं. बाबानं सुट्टीभर बसून फोटो, शेताचे कागद आणि ती कॅसेटही त्यात उतरवली. उतरवून झाली आणि टेपरेकॉर्डरनं कॅसेटची फीत खाल्ली. आजोबा पेन्सिल घालून गुंडाळत होते, तेवढ्यात ती तुटली.

"जाऊ दे ना बाबा, आता डब्यात आहे," तुमचा बाबा म्हणाला.

परत जायच्या दिवशी, रिक्षा दारात उभी असताना, त्यानं डब्याचं फर्मवेअर नवीन केलं. फर्मवेअर म्हणजे डब्याचा आतला कारभार बघणारा प्रोग्रॅम.

"आधी नक्कल काढून ठेवायची का रे?" मी विचारलं.

"अगं आई, डबा हीच नक्कल आहे."

"मग मूळ कुठे आहे?"

रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला आणि माझा प्रश्न तसाच राहिला.

त्यानंतर डबा इतका हळू चालायला लागला की एक फोटो उघडेपर्यंत माझा चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा. तुमच्या बाबानं फोनवर पहिला प्रश्न विचारला, "आई, त्याच्यावर कव्हर घातलंयस का?" घातलं होतं. जुन्या पडद्याचं, झालर लावून. ते काढलं, तरी फरक पडला नाही. तीन आठवड्यांनी त्यानं निदान केलं की नवं फर्मवेअरच बिघडलेलं असावं. येत्या रविवारी तो तिकडून जुनं फर्मवेअर परत टाकणार होता. त्यात डब्यातलं सगळं पुसलं जाण्याची शक्यता होती. "तोवर जे महत्त्वाचं आहे ते सीडीवर काढून घ्या."

पण एकेक गोष्ट उतरायला अर्धा अर्धा दिवस लागत होता. रविवारपर्यंत सगळं होणं शक्यच नव्हतं. मी आखीव वही काढली आणि यादी केली: शेताचे कागद, तुमचे वाढदिवस, तुमच्या बाबाचं लग्न, असं सोळापर्यंत. कॅसेट मी लिहिली नव्हती. मुद्दाम म्हणा, विसरून म्हणा.

"यादी बराबर आहे," आजोबा म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोळाच्या खाली त्यांच्या बारीक अक्षरात एक ओळ होती: '१७. माय (वेळ उरल्यास)'.

मी ती खोडली आणि सगळ्यात वर लिहिली.

"अगं, पण त्यात तुला ती..."

"काय बोलल्यात ते मला पाठ आहे. बसा आता."

ते सकाळी चष्मा लावून कॉम्प्युटरसमोर बसले ते जेवायलाच उठले. दोनदा गाडी मध्येच अडली, पण सीडी झाली. आम्ही ती दोघांनी मिळून ऐकली, पहिल्यांदाच. मिठाचा भाग आला तसा त्यांनी आवाज कमी केला. मी परत मोठा केला.

शनिवारी मी नदीपलीकडच्या नवीन जालन्यातून कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. चाळिशीचे गृहस्थ, पण एके काळी माझ्या वर्गात होते. त्यांनी बराच वेळ डबा पाहिला.

"बाई, डबा बिलकुल चांगला आहे. नवीन प्रोग्रॅम आला की तो सगळ्या फायली एकदा तपासतो. दीड दिवसाचं काम आहे. मधी बंद पडला की पुन्हा पहिल्यापासून. रात्री लाइट जाती का?"

"गेली तरी इन्व्हर्टर आहे," मी म्हणाले.

"मंग कोनी बंद करतं का?"

आजोबा छताकडे बघायला लागले. रोज रात्री दहाला मी घरभर फिरून एकूण एक बटण बंद करते, हे तुम्हाला माहीतच आहे. टीव्ही, गिझर, आणि अर्थातच तो डबा.

गृहस्थ गृहपाठ न केल्यासारखे उभे होते.

"बोल रे, घाबरू नकोस."

"तुम्हीच बंद करून राह्यल्या, बाई."

त्या रात्री पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी एक बटण चालू ठेवून झोपले. सोमवारपर्यंत डबा सरळ झाला. रविवारचं पुसणं रद्द केलं होतं. "म्हणजे फर्मवेअर ठीकच होतं!" तुमचा बाबा म्हणाला. मी त्याला पुन्हा विचारलं की मूळ कुठे आहे. तो म्हणाला, आवाज तुटतोय.

पुढे काही वर्षांनी डबा खरंच बंद पडला. तोवर यादीतल्या नऊ गोष्टी उतरल्या होत्या; डबा चालतोय म्हणून राहून गेलेल्या बाकीच्या गेल्या. सासूबाईंची सीडी डाळीच्या डब्यात आहे, कारण तो कोरडा असतो आणि रोज उघडला जातो. दर दिवाळीला डबे घासताना मी ती लावून बघते आणि नव्या सीडीवर उतरवून घेते. तेवीस मिनिटं आहेत, आवाज स्वच्छ आहे. त्यातली एकोणीस माझ्याबद्दल आहेत.