धवल्यामागचा आवाज

जिजाबाईला संशय यायला फारसं काही लागत नसे. बाजारात शेजारची पाटीवाली गिऱ्हाइकाशी हळू आवाजात बोलली, तरी आपल्याच मासळीची बदनामी चाललीय असं ती धरून चाले. पण मोरवा गावात कुणाची हळद असली की धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायला तीच लागे. ओळ तिने सोडायची आणि मागे बसलेल्या आशाने झेलायची, हा जुना शिरस्ता.

अलीकडे मात्र ओळ पुरी व्हायच्या आत आशा ती उचलू लागली. बाईला माझी जागा हवीय, हे जिजाबाईने ताडलं आणि भर मांडवात तिला उठवून लावलं. तेव्हापासून बोलणं बंद.

भाचा प्रणित जेसल पार्कातल्या आपल्या फ्लॅटमध्ये गाणी रेकॉर्ड करी. त्याने आत्याचे धवले घेतले आणि आज ऐकायला बोलावलं. हेडफोन लावले मात्र, प्रत्येक ओळीमागे कुणीतरी ती झेलत होतं.

"आशाला कवा आणलीस हितं?"

प्रणित हसला, तशी तिची खात्रीच पटली. आत्या, हा रिव्हर्ब आहे, तो समजावू लागला. कॉम्प्युटर तुझाच आवाज विरत विरत मागे ठेवतो, म्हणजे मोठ्या मांडवात गातेयस असं वाटतं. जिजाबाई आतल्या खोलीत डोकावली. दाराबाहेरच्या चपलाही बघून आली.

"काढ तिला."

"राहू दे ना आत्या, असंच छान वाटतंय."

आता तर नक्कीच पाणी मुरत होतं. तिने हट्टच धरला, तेव्हा त्याने नाइलाजाने रिव्हर्ब बंद केला.

मागचा आवाज गेला. उरला एकटा तिचा, कोरडा. ओळीच्या शेवटी दम तुटत होता, शेवटची अक्षरं तोंडातच राहत होती. दुसरा धवला लावायला सांगितला, तिसरा लावायला सांगितला. सगळीकडे तेच. प्रणित स्क्रीनकडेच बघत राहिला. जिजाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आशा नेमकी तिथेच ओळ उचलायची.

तिने प्रणितला सांगून आशाला फोन लावला.

"माझा दम पुरत न्हाय, तुला ठाव व्हतं?"

"व्हतं," आशा म्हणाली.

"मग सांगितलं का न्हाय?"

"सांगितलं असतं तर तुला खरं वाटलं असतं?"

जिजाबाईने विचार केला.

"न्हाय," ती म्हणाली.