‘उतेकरांची चूक’ कोणाची होती?

उतेकर सर पहिल्यांदा भेटले तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. अमृतमहोत्सवी ग्रंथात असं लिहिणं शोभत नाही, पण खरं तेच आहे. अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी मुंबईला मुलाखतीला गेले होते. समोर पाच जण बसलेले. चौघांनी रीतसर प्रश्न विचारले. पाचवे श्री. सदाशिव उतेकर. त्यांनी माझा अर्ज वाचून विचारलं, तुम्ही महाडच्या, घरचं किराणा दुकान, मग सावित्रीला पूर येतो तेव्हा माल कुठे ठेवता? मी म्हटलं, पोटमाळ्यावर. मग विचारलं, एवढं वजन वर चढवल्यावर जमीन हलली तर? मला वाटलं, मुलगी म्हणून माझी थट्टा चालली आहे. मी फणकाऱ्यानं म्हटलं, दुकानाची काळजी माझे वडील करतील, तुम्ही मला कामाचं विचारा. सर रागावले नाहीत. “तेच विचारतोय,” एवढंच म्हणाले. नोकरी मला मिळाली.

आमचं काम काय होतं ते पोलादपूर-महाडच्या वाचकांसाठी सांगते, कारण सरांच्या गावातसुद्धा ‘सायेब अणुबॉम्ब बनवत होते’ असा समज अजून आहे. बॉम्बशी आमचा काडीचा संबंध नव्हता. अणुवीज केंद्रात वापरून झालेलं इंधन अणुभट्टीतून काढलं तरी वर्षानुवर्षं आतून तापत राहतं. म्हणून ते खोल हौदात पाण्याखाली ठेवतात. पाणी त्याला थंड ठेवतं आणि त्यातून निघणारे घातक किरण अडवतं. हे इंधन पोलादी ट्रेमध्ये भरून ट्रे एकावर एक रचतात, आपल्याकडे मडक्यांची उतरंड रचतात तसे. भूकंप झाला तर हौदाला तडा जाता कामा नये, पाणी बाहेर उसळता कामा नये आणि ट्रेची रास कलंडता कामा नये. या तीन गोष्टींची खात्री करण्यात सरांचं उभं आयुष्य गेलं.

सर उमरठजवळच्या एका वाडीतले. कोयनेच्या भूकंपाचा मोठा धक्का बसला तेव्हा ते शाळेत शिकत होते. तेव्हापासून कुठल्याही घरात गेले की आधी कपाट हलवून बघायचं ही त्यांची खोड. महाडला आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा पानावर बसण्याआधी त्यांनी आईचं भांड्यांचं कपाट दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. आई हबकलीच. पाहुणा गेल्यावर तिनं मला ऐकवलं, “तुझे साहेब जेवायला आले होते की झडती घ्यायला?” दुसऱ्याच दिवशी पोलादपूरहून एक सुतार हजर, कपाट भिंतीला आवळायच्या पट्ट्या घेऊन. सरांनीच पाठवला होता. त्यानंतर सर आले की आई कपाटापासून त्यांची खुर्ची लांब मांडायची, पण पुरणपोळीवर तूप मात्र जास्त वाढायची.

आता मूळ गोष्टीकडे येते. आमच्या खात्यात नव्यानं येणाऱ्या प्रत्येक अभियंत्याला ‘उतेकरांची चूक’ शिकवली जाते. मीही ती कितीतरी वर्षं त्याच नावानं शिकवली. या लेखात मला त्या चुकीविषयीच बोलायचं आहे.

एका केंद्रातला हौद भरत आला होता. ट्रेच्या राशींवर आणखी एक थर चढवायचा होता. त्याचं गणित माझ्याकडे आलं. मी नवखी, अजून कायमसुद्धा झाले नव्हते. मी विचार केला, राशीचा तळ जितका गुळगुळीत, तितकी ती भूकंपात जास्त घसरणार, म्हणजे तितका धोका जास्त. म्हणून तळ अगदी गुळगुळीत धरला आणि घसरत जाऊन ती भिंतीला आपटते का ते तपासलं. आपटत नव्हती. झालं! सरांनी कागद पाहिले, सही केली, केंद्राला परवानगी गेली आणि थर चढू लागला.

पुढे सर पूजेसाठी गावी गेले. वाडीत लग्नकार्याला नि पूजेला लागणारे मोठाले टोप, पराती, घंगाळी गावकीच्या मालकीची असतात. ज्याला हवी तो नेतो आणि घासूनपुसून परत करतो. ती भांडी टेम्पोतून आणायची होती. पत्र्यावर टोपांची रास या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकत होती, ठणठणाट नुसता. सर स्वतः मागे बसलेले. त्यांनी टेम्पो थांबवला आणि राशीखाली गोणपाट घालायला लावलं, म्हणजे सरकायला नको. पुढच्याच वळणावर अख्खी रास उलटी. गावकीचे म्हातारे कारभारी शेजारी होते. ते पोचा आलेला टोप उचलत म्हणाले, “सायेब, सरकत व्हती तवर काय नाय झालं. तुमी तिचं पाय धरून ठेवलंत, नि ती उलाटली.”

सर पूजेच्या प्रसादाला थांबले नाहीत. सोमवारी सकाळी कचेरीत येताच त्यांनी मला हा प्रसंग सांगितला आणि विचारलं की तळ खरखरीत धरून गणित केलं होतंस का? मी केलं नव्हतं. आम्ही दोघांनी ते पुन्हा मांडलं. तळ अडला की रास घसरत नव्हती, डोलत होती. आणि वाढवलेला थर धरला तर जोराच्या भूकंपात कलंडत होती. तो थर नसेल तर उभी राहत होती.

बैठक बोलावली गेली. केंद्राचे अधिकारी चिडलेले होते, आणि त्यांचं तरी काय चुकलं? चढवलेला थर पाण्याखालून एकेक ट्रे करून उतरवायचा, हे महिनोन्महिन्यांचं काम. वरिष्ठांनी सरळ विचारलं, हे गणित केलं कोणी? मी सरांच्या शेजारीच बसले होते.

“गणित माझं. चूक माझी,” सर म्हणाले.

मी गप्प बसले. कायम होण्याचा कागद त्याच वरिष्ठांच्या टेबलावर पडून होता, आमच्या विभागात मी एकटीच बाई होते, तोंड उघडलं तर घरी परत जावं लागेल ही भीती होती. कारणं खूप आहेत. त्यांतलं एकही मला आज पुरेसं वाटत नाही. सरांच्या तोंडून मी आयुष्यात ऐकलेलं खोटं ते एवढंच.

थर उतरला. पुढे राशींना नीट आधाराच्या चौकटी बसल्या आणि दोन्ही तऱ्हांनी गणित करायचा नियम झाला. सरांना मात्र विभागप्रमुखपद मिळालं नाही. होते त्याच हुद्द्यावरून ते निवृत्त झाले. काही वर्षांनी त्या खुर्चीवर मी बसले. सर अभिनंदनाला आले, येताना गावचे तांदूळ घेऊन आले, आणि त्या बैठकीचा चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही. नव्या मुलांसमोर फळ्यावर ‘उतेकरांची चूक’ लिहीत राहिले. लाज वाटते हे सांगताना.

या लेखासाठी निमंत्रण आलं तेव्हा मी सरांना फोन केला आणि सांगितलं की मी खरं लिहिणार आहे. सर वैतागले. म्हणाले, तपासून सही मी केली होती, तेव्हा चूक माझीच, उगाच जुनं उकरू नकोस. मी म्हटलं, सर, सही तुमची होती, पण गणित माझं होतं, आणि त्या दिवशी प्रश्न गणिताचा विचारला होता. त्यावर सर म्हणाले, “तू आता निवृत्त झालीस. खात्यातली मुलं मान देतात तुला. कशाला?”

सर, त्यासाठीच. खात्यातल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी या लेखाची प्रत पाठवते आहे. मुलांनो, ती चूक वैजयंती शेठ यांची, म्हणजे माझी. शिकवताना आता हे नाव सांगा. ती सापडली मात्र उतेकर सरांना, आणि सापडताच त्यांनी ती चारचौघांत मांडली, हेही त्याच तासाला सांगा.

सर, तुम्हाला पंचाहत्तर पूर्ण झाली. गुडघे कुरकुरतात म्हणता, तर डोंगरावरच्या वाडीत रोज चढउतार करायचा हट्ट सोडा, औषध वेळेवर घ्या, आणि शंभरी पुरी करा. सत्काराच्या दिवशी मी पोलादपूरला येते आहे. हे सगळं मला माइकसमोर उभं राहून, सगळ्यांदेखत म्हणायचं आहे. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं आणि मला मधेच अडवायचं नाही.