ओढून न्यायची नाही

जेवण झाल्यावर पाठ टेकायला म्हणून गौराक्का जाते ती सरळ शेडात, फियाटच्या मागच्या सीटवर. घरात पलंग आहे, पंखा आहे, सुनेनं धुतलेली चादर आहे. पण घरात गेलं की कुणीतरी समजूत काढायला येतं, आणि समजूत काढून घ्यायचं तिचं वय राहिलेलं नाही. दोन्हीकडची दारं उघडी टाकून ती आडवी होते. पाय दाराबाहेर लोंबतात. हात कोपरापर्यंत काळे, पदराला पेट्रोलचा वास. सकाळपासून तिनं प्लग काढून घासले, कार्बोरेटर उघडून फुंकला, जिथं जिथं पॉलिशपेपर पोचला तिथं तिथं मारला. आणि किल्ली फिरवली की गाडी म्हणते, टक. एवढंच. नवी सून सासूसमोर तोंडातल्या तोंडात बोलते तसं.

दिवस मावळायच्या आत भंगारवाल्याची जीप येणार आहे. पोरानं, बसवराजनं, बोलावलीय. शेड पाडून तिथं गाळा काढायचा आहे आणि त्याला गौराक्काची ना नाही. गाडी जाऊ दे. तीही म्हातारी झाली, आपणही झालो. पण साखळी लावून, टोचन करून, भर पेठेतनं ओढत? ज्या गाडीतनं निम्म्या गडहिंग्लजच्या पोरी सासरी गेल्या, ती?

"जाईल ती आपल्या चाकांवर, आपल्या जोरावर जाईल," सकाळी तिनं पोराला बजावलं. "ओढून न्यायची न्हाई."

"आई, विलास मेस्त्रीला जमलं न्हाई, आन् तुला जमणार?"

"त्याला जमलं न्हाई म्हणूनच माझ्या नशिबी आलंय न्हवं?"

विलास मेस्त्रीनं गाडी अख्खा पावसाळा ठेवून घेतली. बॅटरी बदलली, स्टार्टर बदलला, आणि शेवटी साखळीनं ओढत आणून दारात सोडली. वर म्हणतो, "आक्का, हिचा जीव गेलाय." गौराक्का म्हणाली, "जीव गेला का तुझी अक्कल, ते आधी बघ." बोलून मोकळी झाली खरी, पण आज तिच्याच हातून गाडी टक करते, आणि पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे की मगदुमांची म्हातारी पाना घेऊन बसलीय.

डोळे मिटतात. सुनेचा मिक्सर घरघरतो, थांबतो. कबुतर कुठंतरी गळ्यातल्या गळ्यात घुमतं. गौराक्काला वाटतं आपण जाग्याच आहोत, फक्त हातपाय कुणाचे तरी दुसऱ्याचे झालेत.

गाडीखाली पाना वाजतो.

ती मान वळवते. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेत. टाचांना भेगा, डाव्या अंगठ्याचं नख काळं. पाय ती ओळखते. जन्मभर तिनं या माणसाशी संसाराची निम्मी बोलणी पायांशीच केली, कारण वरचा भाग कायम गाडीखाली. रुद्राप्पा, तिचा नवरा. जाऊन किती तरी दसरे झाले.

आधी ती पाय नीट बघून घेते. उलटे नाहीत, सरळ आहेत. मग बोलते.

"आत्ता सुचलं व्हय यायचं?"

"तू हाक मारलीस की," गाडीखालून आवाज येतो.

"मी कशाला मारू? मी शिव्या घालत हुते."

"त्याच ऐकू आल्या."

गौराक्का हसत नाही, पण तोंडाचा एक कोपरा हलतो. तिला उठायचं आहे, उठवत नाही. "सुरू होईना," ती म्हणते. एवढंच म्हणायला तिला खूप दम लागतो. "सगळं केलं. जेवढं तुमच्या हातात बघितलं, तेवढं सगळं केलं."

"बॉनेट उघड."

ती बॉनेट उचलते, आणि आत एसटी स्टँड आहे. फलाट रिकामे, पंगत बसलेली. ओळखीचे सगळे मांडी घालून पत्रावळीवर वाकलेत, आणि विलास मेस्त्री कमरेला टॉवेल बांधून वाढतोय. पत्रावळीत स्टार्टर वाढतो. वर बॅटरी वाढतो. "घ्या की आक्का, नवीनच हाय, लाजताय काय?" पंगतीत कुणीच जेवत नाही. सगळे तिच्याकडं बघतात.

"भूक न्हाई मला," गौराक्का म्हणते. "आन् तू जे वाढतोयस त्यानं कुणाची भागली?"

"आक्का, सगळं केलं मी," विलास रडकुंडीला येतो. "रोज सकाळी हात जोडून सुरुवात केली. खोटं न्हाई सांगत."

"हात कुणाला जोडलेस रं?"

"देवाला की. तुमच्या गाडीतल्या."

तो बोट दाखवतो तिकडं ती बघते, आणि ती स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी आहे. गॅसवर दुधाचं पातेलं हवं, तिथं फियाटचं इंजिन ठेवलंय, आणि पलीकडं बॅटरीच्या कडेला, पत्र्यावर, तो लाल गोळा. सुपारीएवढा होता कधीतरी, आता लिंबाएवढा झालाय. कुंकू, विभूती, तेल, थरावर थर. खंडेनवमीला तिनंच चढवलेले. नारळ फोडून त्याचं पाणी त्याच्यावरच घालायची ती. रुद्राप्पा होता तेव्हा तो पूजा स्टिअरिंगची करायचा. तो गेल्यावर तिनं जागा बदलली, कारण एकदा त्यानं त्या जागेवर बोट ठेवून तिला सांगितलं होतं, "गौरा, ही हिची नाळ. ही तुटली तर बाकीचं सगळं असून नसल्यासारखं."

आता तो भिंतीला पाठ लावून उभा आहे. पांढरा शर्ट, कपाळावर विभूतीचे पट्टे, चेहरा नीट दिसत नाही, काचेवर वाफ धरावी तसा. हातात टॉर्च.

"पूजा कुठं करतीस तू?" तो विचारतो.

"ठाऊक हाय की तुम्हाला. एक दसरा चुकवला न्हाई."

"तेच म्हणतोय. चुकवला असतास तर बरं झालं असतं."

"म्हंजे?"

"अगं, त्याच्या खाली अर्थिंगचा बोल्ट हाय. बॅटरीतनं निघालेला करंट परत यायची वाट तीच. वर तू कुंकू थापलंस, आत नारळाचं पाणी मुरलं, गंज धरला. वाट बंद. विलास बिचारा पाया पडला आन् बाजूनं निघून गेला. देवाला पाना कोण लावणार?"

गौराक्का बघत राहते. रागवावं कुणावर, ते समजत नाही. विलासवर रागवायची तिला सवय आहे, पण तिथं आता राग बसत नाही.

"मी तुमच्या नावानं करत हुते," ती म्हणते.

"मला काय कळत न्हाई व्हय?"

"मग चुकलं काय माझं?"

"कुठं चुकलं म्हणतोय? खरवड म्हणतोय."

"देव खरवडू?"

"देव कुठला? तो मी न्हवं. मी हितं उभा हाय."

ती उलथनं उचलते. पहिला खपला निघतो तो आवाज तिला आवडत नाही, जखमेवरची खपली काढावी तसा. लाल धूळ ओट्यावर सांडते. खाली अजून लाल, त्याखाली करडं, त्याखाली पुन्हा लाल. हात दुखतात. खांदा भरून येतो.

"उजेड धर," रुद्राप्पा म्हणतो. सवयीनं. सगळा संसार त्यानं हे दोन शब्द म्हटले. रात्री अपरात्री बेळगावच्या दवाखान्याला पेशंट न्यायचा असला की हा गाडीखाली आणि ही टॉर्च घेऊन उकिडवी, कडेवर पोर, आणि उजेड जरा हलला की खालून ओरडा.

गौराक्का उलथनं खाली ठेवते.

"उजेड तुम्ही धरा आज," ती म्हणते. "लई धरला मी."

टॉर्च पेटते. उजेड लाल गोळ्यावर पडतो, थरथरतो.

"हलतोय," गौराक्का म्हणते.

"हात दमतो गं."

"मला म्हणायचात तुम्ही, हात हाय का दोरी. धरा नीट."

तो दोन्ही हातांनी टॉर्च धरतो. ती खरवडते. ओटा नाही, घर नाही, खाली ओली काळी माती आहे. गावाबाहेरची ती जागा, लिंगायतांची रुद्रभूमी. खड्ड्याच्या कडेला ती गुडघ्यावर बसलीय, आणि तो खड्ड्यात, त्या दिवशी माती देताना बसवला होता तसाच, मांडी घालून, गळ्यात हार. फक्त टॉर्च वर धरलेली. तिला भीती वाटत नाही. तो गाडीत बसल्यासारखाच दिसतो. त्या दिवशीही तसाच दिसला होता.

"जाऊ दे की गौरा," तो खालून म्हणतो. "ओढून नेऊ देत. लोखंडच ते. मलाही चौघांनी उचलूनच आणलं न्हवं?"

"तुम्हाला बसवून आणलं," ती हात न थांबवता म्हणते. "खुर्चीत, फुलं लावून, पुढं वाजंत्री. मान वर हुती तुमची. ओढत न्हाई आणलं. माझ्या घरातनं ओढत कुणी जाणार न्हाई."

"दमलीस."

"तुम्ही गेल्यापासनं बसले कधी?"

"आत्ता बस."

"हे झाल्यावर."

नट दिसतो. गंजलेला, पत्र्याशी एकजीव झालेला. पाना नाही. ती चिमटीत धरते, पिळते, हलत नाही. अंगातला सगळा दिवस त्या चिमटीत येतो. "अहो, न्हाई फिरत," असं ती म्हणते, आणि आपला आवाज रडवेला आहे हे ऐकून तिला स्वतःचाच राग येतो.

खालून एक हात वर येतो. भेगाळलेला, ग्रीसनं काळा. तिच्या बोटांवर बसतो. गार नाही, ऊनही नाही. बंद खोलीतल्या भांड्यासारखा.

"डाव्या अंगाला," तो म्हणतो. "जोर लावू नको. नुसतं सांग त्याला."

नट सैल होतो. एकदा किर्र करून, मग अगदी मुकाट्यानं.

"सुरू हुईल का?" गौराक्का विचारते.

टॉर्चचा उजेड पिवळा होत चाललाय. "ते मला कशाला विचारतीस? चालवणार तू." आणि मग, बराच खालून, "क्लच हळू सोड. तुला घाई असती."

"अहो," ती म्हणते. "अहो, थांबा की."

"आई! आई, उठ."

शेडात तिरकं ऊन आलंय. बसवराज दारात वाकलाय, मागं फाटकापाशी जीपचं इंजिन गुरगुरतंय आणि कुणीतरी साखळी जमिनीवर टाकतंय, कडीवर कडी. गौराक्काची मान आखडलीय. तोंड कोरडं. क्षणभर तिला कळत नाही की ती कुठल्या घरात उठली.

"आले ते," पोरगा हलक्या आवाजात म्हणतो. "लावू दे त्यांना साखळी? उगा जीवाला लावून घिऊ नकोस."

ती उठायला हात टेकते, तर उजवी मूठ उघडत नाही. घट्ट मिटलेली. डाव्या हातानं ती एकेक बोट सोडवते. तळव्यात षटकोनी ठसा उमटलाय, आणि ठशावर नट. बाहेरून कुंकवाच्या थरानं लाल, आतून आटे चकचकीत, नुकते मोकळे झालेले. तिच्या नखांत लाल माती.

बॉनेट बंद आहे. गौराक्का बॉनेटकडं बघते, पोराकडं बघते, पुन्हा मूठ मिटते.

"त्यांना खुर्च्या टाक," ती म्हणते. "चहा टाकायला सांग. आन् मला पॉलिशपेपरचा तुकडा आणून दे."

"आई, अगं ते थांबणार न्हाईत."

"थांबतील. साखळी गुंडाळून ठेवा म्हणावं." ती पाय खाली टेकवते. गुडघे कुरकुरतात. "गाडी मी आणून देते."