एम.ए.च्या प्रवेशाचा शेवटचा दिवस

चष्म्याच्या दुकानातल्या वहिनी म्हणजे गल्लीभराच्या वहिनी. त्यांचं नाव कुणाला ठाऊक असेल तर शपथ! काउंटरमागे एक गोल स्टूल, समोर आरसा, हाताशी बारीक स्क्रू-ड्रायव्हर. चष्मा घसरतोय, काडी कानामागे बोचतेय, एक काच वर नि एक खाली, काहीही घेऊन या. वहिनी आधी तुमचं तोंड बघणार, मग चष्मा, आणि फ्रेम गरम हवेवर धरून अशी काही वाकवणार की तुम्ही चष्मा घातलाय हेच विसराल. नवरा मागच्या खोलीत काचा घासायचा. काचेवर हात फार सुरेख, पण गिऱ्हाइकाला चष्मा बसवायला बसला की भला माणूसही तिरळा दिसायचा. सासरे गल्ल्यावर बसून गप्पा हाणायचे. सासूबाई वरच्या मजल्यावर. पाय मोडल्यापासून जिना उतरत नव्हत्या.

तर या वहिनींना अर्थशास्त्रात एम.ए. करायचं होतं. लग्नाआधी त्याच विषयात पदवी झालेली, तीही दुसऱ्या वर्गात, म्हणजे पहिली अट पुरी. घोडं अडलं ते गणितावर. पदवीला गणित नसेल, तर विद्यापीठ म्हणतं, आधी आमचा सहा महिन्यांचा पूर्वतयारीचा वर्ग करा, मग प्रवेश परीक्षा द्या, मग मुलाखतीला या. वहिनींनी दुकान बंद झाल्यावर तो वर्ग केला. नाकी नऊ आले. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या फटीत, स्टुलावर बसून गणितं सोडवली. एकदा तर रडून वही फेकली आणि पाचव्या मिनिटाला स्वतःच उचलून आणली. पण पास झाल्या हो! प्रवेश परीक्षाही निघाली.

मुलाखतीला प्राध्यापकबाई होत्या. म्हणाल्या, "शेवटच्या सत्रात प्रबंध लिहावा लागतो. तुम्ही कशावर लिहाल?"

वहिनी म्हणाल्या, "काच तीच, नंबर तोच. तरी लोक चौपट किमतीच्या फ्रेमला हात घालतात. आणि स्वस्तातली घेणारा आधी दुकानात कुणी ओळखीचं नाही ना, ते बघतो. असं का होतं, ते मला शोधायचंय."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "करा की! पण आधी पहिलं वर्ष निभवा. सूक्ष्म अर्थशास्त्र, स्थूल अर्थशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, चारही सक्तीचे. दुसऱ्या वर्षी विषय तुमच्या आवडीचे. तास सकाळचे, आणि हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाही, हे आत्ताच सांगते."

त्या दिवशी वहिनी बसस्टॉपवर एकट्याच हसत उभ्या होत्या.

ही गोष्ट गेल्या वर्षीची. त्याच महिन्यात सासूबाई पडल्या. विद्यापीठाने जागा वर्षभर राखून ठेवली. अशी सवलत एकदाच मिळते. या वर्षी ठरलेल्या दिवशी, पाचच्या आत, स्वतः जाऊन मूळ कागद दाखवले नाहीत, तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला. आणि पूर्वतयारीचा निकालही त्यानंतर चालत नाही, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं.

घरात कुणी नाही म्हणालं का? छे! सासू सासऱ्यांपेक्षा उत्साही, सासरे नवऱ्यापेक्षा. "अगं, शीक की! तुला कोण अडवतंय?" सकाळी स्टुलावर कोण बसणार, असं वहिनींनी विचारलं की सगळे म्हणायचे, "बघू काहीतरी." आठवडाभर ते बघणंच चाललं होतं. रोज काहीतरी निघायचं आणि कागद दाखवायला जाणं उद्यावर पडायचं. असं करता करता उद्या उरलाच नाही.

शेवटच्या दिवशी वहिनींनी कागदांची पिशवी सकाळीच स्टुलाखाली आणून ठेवली. नवरा म्हणाला, "बसने कशाला दगदग करतेस? एवढ्या दोन काचा झाल्या की स्कूटरवर सोडतो."

इकडे सासऱ्यांचा ऊर अभिमानाने फुटायचा बाकी होता. त्यांनी फोन फिरवले, रस्त्यावरून जाणाऱ्यांना हाका मारल्या. "आमची सूनबाई एम.ए. करतेय, कळलं का?" झालं! दुपारपासून माणसं अभिनंदनाला यायला लागली. आणि चष्म्याच्या दुकानात रिकाम्या नाकाने कोण येतो? "अभिनंदन हं वहिनी! आलोच आहे तर जरा ही काडी बघता का?" शिंपी आला, टपालवाला आला, कोपऱ्यावरची परिचारिका आली. सगळे मनापासून बोलत होते, हीच तर पंचाईत! वहिनी हसत होत्या, स्क्रू पिळत होत्या आणि त्यांचा सगळा जीव घड्याळात होता.

त्या मागच्या खोलीच्या दाराशी गेल्या. "अहो, निघायचं ना?"

"ही शेवटची काच. आता अर्धवट सोडली तर फुकट जाईल."

पिशवी घेऊन त्या एकट्याच पायरीपर्यंत गेल्या. तेवढ्यात समोरून म्हातारे मास्तर भिंत चाचपत आले. चष्मा मधोमध तुटलेला, दोन तुकडे दोन हातांत. "वहिनी, तुम्ही आहात ना? मला काही दिसत नाहीये हो." आता सांगा, काय करायचं? जावं असं त्यांना वाटलं, अगदी पळत सुटावं असं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. पिशवी पुन्हा स्टुलाखाली गेली. मास्तरांना नवी फ्रेम बसेपर्यंत पाच वाजून गेले.

"बाबा, ऑफिस बंद झालं," वहिनी म्हणाल्या.

सासऱ्यांना आधी कळेना. मग कळलं आणि म्हाताऱ्याचा चेहरा असा पडला की बघवेना. "माझ्यामुळे झालं हे. मीच गावभर बोंबलत बसलो. अगं, पण एक शब्द बोलायचा नाहीस का?" नवरा चुरा भरल्या हातांनी बाहेर येऊन खांबासारखा उभा राहिला.

मग वहिनी उठल्या. सासऱ्यांना पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. "असू दे बाबा. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी म्हणजे तो गणिताचा वर्ग, ती परीक्षा, ती मुलाखत, सगळं नव्याने. यातलं त्या काही बोलल्या नाहीत. सासऱ्यांनी डोळे पुसले. नवऱ्याने सुटकेचा श्वास टाकला, म्हणाला, "पुढच्या वर्षी नक्की हं." मास्तर नव्या चष्म्यातून सगळ्यांकडे बघून हसले. आणि वरून जिन्याच्या तोंडाशी आलेल्या सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "किती समजूतदार आहे हो आमची सून!"

वहिनींनी कागदांची पिशवी स्टुलाखालून उचलली. कुणी एकाने तरी नाही म्हटलं असतं, तर त्याच्याशी भांडता आलं असतं.